पुलावरचं आग्या मोहोळ

बारामती
११ फेब्रुवारी २०२५

वसंतराव,

पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहायचं असतं ते तुम्हाला पाठ आहे, मला नाही. सलाम घ्या, नमस्कारही घ्या. वडीलधाऱ्यांना काही सांगायचं असतं ते राहू द्या, कारण आपल्यापेक्षा वडीलधारं आता उरलंय कोण?

फोन मी नऊ वेळा केला. सहा वेळा कुणी उचलला नाही आणि तीन वेळा वैदेहीनं उचलून "बाबा झोपलेत, काका" म्हणून सांगितलं. सकाळी अकराला. एकतीस वर्षं भूमिती शिकवताना ज्यानं वर्गात कुणाला डुलकी काढू दिली नाही, तो माणूस सकाळी अकराला झोपतो यावर मी विश्वास ठेवीनही, पण मग वैदेहीच्या मागं खोकत कोण होतं? म्हणून पत्र. फोन उचलायचा नाही असं ठरवता येतं. पत्र पोस्टमन दारात टाकून जातो, ते उचलावंच लागतं.

चहाच्या टपरीवर सगळे विचारतात, भांडण झालं का? मी सांगतो, नाही. अकरा वर्षं दोन माणसं रोज सकाळी कालव्याच्या भरावावरून चालतात. एके दिवशी त्यातला एक दुसऱ्याच्या हातात घराची किल्ली देतो, "गिऱ्हाईक आलं तर दाखवा" एवढंच बोलतो आणि इंदापूरला लेकीकडं निघून जातो. याला भांडण म्हणत नाहीत. मग काय म्हणतात ते तुम्ही सांगा, शब्द तुमच्याकडं जास्त आहेत.

मला वाटतं, तुम्ही त्या २९ जानेवारीचं मनात धरलंय. म्हणून नियमाची आठवण करून देतो. नियम माझाच होता. शर्ट शिवून झाला की मी तो उलटा करून बघतो, कारण शिलाई आतूनच कळते. प्रश्नाचंही तसंच करू, असं मी तुम्हाला पहिल्याच वर्षी म्हणालो होतो. एकानं प्रश्न काढायचा, दुसऱ्यानं बाजू निवडायची आणि पुलापर्यंत वाद घालत जायचं. पुलाच्या कठड्याला हात लावला की बाजू बदलायची. मग परत येताना दुसऱ्याची बाजू आपलीच असल्यासारखी मांडायची. कुत्र्याला उद्या असतो का, यावर आपण अशा तीन सकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही कुत्र्याच्या बाजूनं इतकं बोललात की टपरीवरच्या कुत्र्याला बिस्किटाचा अख्खा पुडा मिळाला.

तर २९ तारखेला प्रश्न काढायची पाळी तुमची होती. तुम्ही विचारलंत, जुन्या माणसाची सोबत ही गरज असते की नुसती सवय? मी सवय निवडली. निवडणारच. गरज आहे असं कुणीही म्हणेल, त्यात बोलण्यासारखं काय आहे? मी चहातल्या साखरेचं की कशाचं तरी उदाहरण दिलं, आता नीट आठवत नाही. तुम्ही गप्प झालात. पुढं पुलावर आग्या मोहोळ उठलं होतं, म्हणून आपण भरावाखालच्या दुसऱ्या मोरीपासूनच मागं फिरलो. मोहोळापुढं माझा काय इलाज? म्हणजे पुलाला हात लावायचा राहिला आणि बाजू बदलायचीही राहिली. तुम्ही ऐकलीत ती अर्धीच फेरी. उरलेली अर्धी करायला या, एवढंच म्हणणं आहे.

तुमचं घर ठीक आहे. तुळशीला पाणी मेहबूबबी घालते. घर बघायला अजून कुणी आलेलं नाही, आणि त्याची मला घाईही नाही.

तुमचा
बाबूलाल


बारामती
१९ फेब्रुवारी

वसंतराव,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पोचले. प्रकृती ठीक. इकडे पाणी उशिरा येते. घराचे बघावे." मी उलटून बघितलं, मागं नुसता पत्ता. भूमितीचे मास्तर असलात तरी माणसाला पत्र लिहिताना सिद्धता एवढ्यात आटपू नये.

पाणी उशिरा येतं यात नवल काय? कालवा एकच. त्याच्या तोंडाकडची जागा सोडून तुम्ही शेपटाकडं जाऊन बसलात. इथं आवर्तन सुटून पाच दिवस झाले, कालवा काठोकाठ वाहतोय. ते पाणी तुमच्याकडं येईल तेव्हा येईल, माझं पत्र आधी येईल.

तुम्ही गेल्यावर मी दुसरे जोडीदार बघितले, लपवत नाही. पहिले दोन दिवस मोबाइलवाला मुजफ्फर आला. त्याच्या हातात पावलं मोजणारं घड्याळ. मी विचारलं, मोह झाला पण संधी मिळाली नाही म्हणून जे पाप करायचं राहिलं, त्याचं पुण्य लागतं का? तो घड्याळाकडं बघून म्हणाला, "चाचा, तीन हजार दोनशे झाली." मी म्हटलं, पुण्याचं विचारतोय. तो म्हणाला, "दहा हजार झाल्याशिवाय काय बी लागत न्हाय."

मग मेहबूबबीला घेऊन निघालो. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं कधी कारणाशिवाय चाललो नव्हतो. तिनं पिशवी बरोबर घेतली, म्हणजे रिकामं परत यायला नको. मी तोच जुना प्रश्न काढला, कुत्र्याला उद्या असतो का?

ती म्हणाली, "भाकरी टाकली तर असतो."

पहिली मोरीसुद्धा आली नव्हती, वसंतराव. आपले तीन दिवस आणि बिस्किटाचा पुडा. मी दुसरा प्रश्न काढला, तिसरा काढला, सगळ्यांचे निकाल उभ्या उभ्या लागले. पुलाला हात लावून मी म्हणालो, आता बाजू बदल. तर म्हणते, "मी कशाला बदलू? मी बरोबर हाय." परत येताना आम्ही शेवग्याच्या शेंगा तोडल्या. शेंगा चांगल्या होत्या, पण त्याला फेरी म्हणता येणार नाही.

घराचं विचारलंत म्हणून कळवतो. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. रणजित नावाचे, कोऱ्हाळे बुद्रुकचे, मुलांच्या शाळेसाठी बारामतीत घर बघतायत. माणूस भला. घर दाखवलं, पसंत पडलं नाही. का ते मला विचारू नका. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येते असं मी त्यांना एका शब्दानंही सांगितलेलं नाही. ते त्या भिंतीकडं बघत होते तेव्हा मी फक्त सुस्कारा टाकला. आता सुस्कारा टाकायला माणसाला बंदी आहे का? वाटल्यास हा प्रश्न तुम्ही आलात की घेऊ.

पुलाकडं अजून जरा जपूनच जातो. मोहोळाचं काही सांगता येत नाही.

बाबूलाल


बारामती
२७ फेब्रुवारी

वसंतराव,

या पत्रात गंमत कमी आहे, आधीच सांगतो.

काल दुसरं गिऱ्हाईक आलं. अनिता म्हणून एक बाई आहेत, नर्स आहेत, आईला घेऊन राहायचंय त्यांना. डोळ्यात तेल घालून घर बघितलं. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून बघितल्या. मी स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी उभा राहून सुस्कारा टाकला. त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला.

"ओल कुठाय?"

"पावसाळ्यात या," मी म्हणालो.

"काका, तुमाला हे घर विकायचंय का न्हाय?"

"माझं थोडंच हाय?"

"म्हणूनच इचारती."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागलो. ते अजून जानेवारीवरच होतं. तुमच्या दुधाच्या खुणा होत्या. अनिताबाईही बघायला लागल्या, आणि माझ्या डोळ्यांना दिसत नाही ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. २९ तारखेच्या चौकोनात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, "बाबूलालना विचारणे. मग वैदेहीला कळवणे."

त्यांनी विचारलं, "बाबूलाल कोण?"

"मीच."

"मग इचारलं का त्यांनी?"

"व्हय."

"आन तुमी काय सांगितलं?"

मी म्हणालो, "पाणी प्या, माठ भरलेला हाय." घर तीन आठवडे बंद, माठ कुठला भरलेला असणार? त्या बाई निघून गेल्या. मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिलो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की कशाचं उदाहरण दिलं ते आठवत नाही. सगळं आठवतं. मी म्हणालो होतो, चहातली साखर सोडली तेव्हा मला वाटलं होतं आता जगणं कठीण, आणि नवव्या दिवशी तिची आठवणही आली नाही. तसंच माणसाचं. उद्या वसंतराव इंदापूरला गेले तर आठ दिवस पायांना चुकल्यासारखं होईल, नवव्या दिवशी पाय आपले आपण चालायला लागतील. इंदापूर माझ्या तोंडात आलं ते वैदेहीचे फोन तुम्हाला येतात म्हणून. दुसरं नाव आठवलं असतं तर दुसरं घेतलं असतं.

तुम्ही खरंच विचारत होता, वसंतराव? विनयावहिनी गेल्यापासून चार वर्षं लेक बोलावत होती, आणि तुम्ही जायचं की राहायचं ते मला विचारून ठरवणार होता? मला वाटलं, रोजच्यासारखाच प्रश्न आहे. तुम्ही आवाज बदलला नाही, थांबला नाहीत, हात धरला नाहीत. कुत्र्याचा उद्या ज्या आवाजात विचारलात त्याच आवाजात हेही विचारलंत. मी ओळखायचं तरी कसं?

मेहबूबबीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अकरा वर्सं संगं चाललात, आन मानूस खरं कवा इचारतोय ते कळलं न्हाय व्हय?"

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. यापुढं आज काही लिहवत नाही.

बाबूलाल


बारामती
४ मार्च

वसंतराव,

रोजे सुरू झाले. सेहरी करून, नमाज पढून भरावावर जातो. तोंड सुकतं म्हणून एकटा असलो तरी मनातल्या मनातच बोलतो. रमजानात आपला निराळा नियम असायचा. मी पाण्याशिवाय, म्हणून दोन्ही बाजू तुम्हीच मांडायच्या आणि मी नुसती मान हलवायची. दहा रमजान तुम्ही जाताना एक आणि येताना दुसरी बाजू एकट्यानं लढवलीत आणि दरवेळी तुम्हीच जिंकलात. यंदा मान हलवायला समोर कुणी नाही.

रोजा धरून खोटं ठेवू नये म्हणतात. तर ऐका.

पुलावर आग्या मोहोळ नव्हतं.

एक माशीसुद्धा नव्हती. अकरा वर्षांत मी एकदाही तुमच्यापुढं टिकलो नाही. जाताना मी जरा वर असलो तरी पुलाला हात लावला की तुम्ही माझीच बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडून मला गप्प करायचा. त्या दिवशी दुसऱ्या मोरीजवळ तुम्ही बोलायचं थांबलात. मला वाटलं, जिंकलो. बोहनीलाच मोठं गिऱ्हाईक आल्यासारखं झालं. आता पुलापर्यंत गेलो तर सोबतीची गरज असते ही बाजू मला घ्यावी लागणार आणि तुम्ही सवयीच्या बाजूनं मला लोळवणार. म्हणून मी म्हणालो, "वसंतराव, पुढं मोहोळ उठलंय म्हणं, माघारी फिरा." तुम्ही मुकाट्यानं फिरलात. टपरीवर येऊन मी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं की आज मास्तर हरले. तुम्ही कप हातात धरून उभे होता. ते मी रोज बघतो आता, डोळे मिटले की.

एवढ्या एका खोट्यासाठी तुम्ही घर सोडून गेलात. मीच बनवलेला नियम मीच मोडला. शर्ट उलटा करून न बघताच गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवला.

दुसरं, ओल. भिंतीला ओल नाही. सहा वर्षांपूर्वी एकदा आली होती, ती तुम्हीच बुजवून घेतलीत. रणजितरावांना मी सुस्काऱ्याशिवाय आणखीही सांगितलं होतं, की शेजारी सकाळी सहाला दोन म्हातारे दाराशी उभे राहून मोठमोठ्यानं वाद घालतात. ते म्हणाले, मग पोरांचा अभ्यास कसा व्हायचा? ते मात्र खरं होतं. म्हणजे पूर्वी खरं होतं.

तिसरं, नववा दिवस. तुम्ही ३ तारखेला गेलात. माझ्या पहिल्या पत्राची तारीख बघा आणि मोजा, गणित तुमचं चांगलं आहे. साखर सुटली ती सुटली. तुम्ही सुटत नाही.

काल मी एकटा पुलापर्यंत गेलो आणि कठड्याला हात लावला. परत येताना गरजेची बाजू मांडायला लागलो. मनातल्या मनातसुद्धा चार वाक्यांपुढं गेली नाही, कारण खोडायला कुणी नव्हतं. ही बाजू अशी एकट्यानं मांडता येतच नाही, वसंतराव. माझ्याकडं तेवढाच पुरावा आहे.

घर विकायचं ते तुमच्या मनाप्रमाणं करा. यापुढं मी सुस्कारा टाकणार नाही. पण किल्ली दुसऱ्या कुणाकडं द्यायची असली तर ती घ्यायला तुम्ही स्वतः या.

बाबूलाल


इंदापूर
१० मार्च २०२५

प्रिय बाबूलाल,

चारही पत्रांना एकत्र उत्तर देतो. एकेकाला द्यायला हवं होतं. त्या एका कार्डापलीकडं काही दिलं नाही, कारण रुसलो होतो. माझ्या वयाला हा शब्द शोभत नाही, पण दुसरा सापडला नाही. शब्द माझ्याकडं जास्त आहेत हा तुमचा गैरसमज आहे.

मोहोळ नव्हतं हे मला माहीत होतं. मोतीबिंदू तुमच्या डोळ्यात आहे, माझ्या नाही. दुसऱ्या मोरीवरून पूल स्वच्छ दिसतो. कठड्यावर एक गृहस्थ बसून तंबाखू मळत होते. आग्या मोहोळ उठलं असताना कुणी तंबाखू मळत बसत नाही.

तरी मी फिरलो. का फिरलो, हे तुम्ही चार पत्रांत एकदाही विचारलं नाहीत, म्हणून मीच सांगतो. पुलाला हात लावला असता तर येताना 'सवय आहे' ही बाजू माझ्याकडं आली असती. इतर कुठल्याही दिवशी ती मांडली असती. त्या दिवशी मला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं. तुम्ही खोटं बोललात आणि मी मनातून तुमचे आभार मानत परत फिरलो. मग घरी येऊन तुमच्या त्याच अर्ध्या फेरीवर विश्वास ठेवला. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की अर्ध्या आकृतीवरून निष्कर्ष काढू नका.

आवाज बदलून विचारायला हवं होतं. ते मला कधी जमलं नाही. विनयाही हेच म्हणायची.

इथं वैदेही फार जपते. सकाळी मी शेजारच्या मैदानाला फेऱ्या मारतो. गोल मैदान आहे, बाबूलाल. त्याला पूल नाही, त्यामुळं बाजू कुठं बदलायची ते कळत नाही, आणि मी महिनाभर एकाच बाजूनं तुमच्याशी भांडतोय. परवा वैदेही म्हणाली, "बाबा, मैदानावरची माणसं तुम्हाला वाट सोडून चालतात." फोनवर झोपलेत म्हणून सांगायला मीच तिला लावलं होतं. तिला त्यात बोल लावू नका. तिनं आता साफ सांगितलंय की यापुढं ती खोटं बोलणार नाही, आणि मी सणावारी इकडं येऊन बाकी दिवस तिकडं राहावं. ती आईवर गेली आहे.

अनिताबाईंनी दारावरच्या 'घर विकणे आहे' या पाटीवरचा नंबर बघून फोन केला होता. म्हणाल्या, "घर चांगलं हाय काका, पन तुमचे ते किल्लीवाले गृहस्थ मला तितं सुखानं राहू देनार न्हाईत. त्यांना ते घर तुमच्यासाठीच पायजे." पाटी काढून ठेवा. माठ खरोखर भरून ठेवा.

शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं येतो. इफ्तारला एक माणूस जास्त आहे असं भाभींना सांगा, आणि कुत्र्याबद्दलचं त्यांचं उत्तर मला पूर्ण मान्य आहे हेही सांगा. आपले तीन दिवस फुकट गेले.

शनिवारी सकाळी भरावावर. प्रश्न तोच, २९ तारखेचा. रोजे आहेत, म्हणजे नियमाप्रमाणं दोन्ही बाजू मला मांडायच्या आहेत. जाताना 'गरज' मांडीन, तुम्ही मान हलवा. पुलाला दोघंही हात लावू. येताना 'सवय' मांडायला हवी, पण महिनाभर प्रयत्न करूनही ती बाजू मला येत नाही.

तेवढं अंतर आपण दोघंही गप्प चालू.

वसंत